खाशाबा जाधव : हेलसिंकीचें पदक आणि गहाण पडलेलें घर

गोंदियाच्या स्थानकावरून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. कांहींनीं तींतून प्रवासही केला असेल. नागपूर, वर्धा, भुसावळ, मनमाड, पुणें असा जवळजवळ सारा महाराष्ट्र आडवा कापीत ही गाडी सातारा मागें टाकते आणि कोल्हापूर येण्यापूर्वीं कऱ्हाड नांवाच्या स्थानकावर घटकाभर उभी राहते. त्या वेळीं प्रवासी चहाच्या शोधांत किंवा सामानाच्या आवराआवरींत गुंतलेले असतात. खिडकींतून कोणी फारसें बाहेर पाहत नाहीं. या कऱ्हाडच्या शेजारींच गोळेश्वर म्हणून एक खेडें आहे. त्या खेड्यांतील एका मल्लाच्या मुलानें १९५२ सालीं फिनलंड देशाच्या राजधानींत, हेलसिंकी येथें, कुस्तीचें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें ऑलिंपिक सामन्यांत एकट्याच्या बळावर मिळविलेलें तें पहिलें पदक होय. त्या मुलाचें नांव खाशाबा दादासाहेब जाधव.

पदकाची हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांनीं कोठें ना कोठें वाचली असेल. परंतु तें पदक जिंकण्यासाठीं या मल्लाला हेलसिंकीस पोहोंचविण्याकरितां एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें होतें, ही गोष्ट तितकीशी सर्वतोमुखीं नाहीं. आम्हांस विचाराल तर या चरित्रांतील सर्वांत चित्तवेधक भाग तोच आहे, आणि म्हणून आम्ही तेथें जरा अधिक रेंगाळणार आहों.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. पांच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. त्यामुळें घरांत शेतीच्या अवजारांइतकीच कुस्तीच्या डावपेचांचीही उठबस असे. आपल्या झाडीपट्टींत दिवाळी आटोपली कीं गांवोगांव मंडई भरते, पुढें शंकरपटाचे दिवस येतात आणि लहानथोर सारे तिकडे धांव घेतात. त्याचप्रमाणें सातारा-कोल्हापूरच्या मुलुखांत जत्रांचे दिवस आले कीं कुस्तीच्या फडाकडे लोकांचे पाय आपोआप वळतात. हलगी कडाडूं लागते, शड्डू घुमूं लागतात आणि गांवचीं पोरें झाडांवर चढून बसतात. आपण ज्याला आखाडा म्हणतों त्याला तिकडे तालीम म्हणतात, आणि तालीम नसलेलें गांव त्या बाजूस क्वचितच सांपडावयाचें. अशा वातावरणांत वाढणारा मुलगा लाल मातींत उतरला नसता तरच नवल. आठ वर्षांचा असतांना त्यानें गांवाकडील एका नांवाजलेल्या गड्याला दोन मिनिटांत आस्मान दाखविलें, अशी आठवण सांगतात. शरीर लहानखुरें, पण हालचाल विजेसारखी. पुढें इंग्रजी वृत्तपत्रांनीं त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ असें टोपण नांव दिलें, तें उगीच नव्हे.

१९४० सालीं खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत दाखल झाले व १९४७ पर्यंत तेथें शिकले. हीं वर्षें साधीं नव्हतीं. १९४२ च्या चळवळीनें सातारा जिल्हा ढवळून निघाला होता. नाना पाटील आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें प्रतिसरकार उभारलें होतें. शाळकरी खाशाबांनींही त्यांत आपला वांटा उचलला. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणें, त्यांचीं पत्रकें इकडून तिकडे पोहोंचविणें, अशीं कामें त्यांनीं केलीं. मुलांवर पोलिसांचा संशय लवकर जात नसे, म्हणून हीं कामें मुलांकडे येत. परंतु तीं करणाऱ्या मुलाच्या छातींत काय धडधडत असेल याची कल्पना ज्यानें त्यानें करावी.

शालेय शिक्षण संपल्यावर ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयांत गेले. मल्लविद्येच्या दृष्टीनें याहून योग्य गांव दुसरें नव्हतें. राजर्षि शाहू महाराजांनीं कुस्तीला उदार आश्रय देऊन खासबाग मैदानासारखें प्रचंड मैदान बांधविलें होतें, आणि महाराजांच्या मागेंही ती परंपरा टिकून राहिली होती. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखालीं खाशाबा तयार झाले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेंत पकडावयाची, आपलें अंग झटकन् फिरवावयाचें आणि त्याला पाठीवर आदळावयाचें, असा हा डाव आहे. सांगावयास दोन ओळी पुरतात. अंगवळणीं पडावयास वर्षें लागतात.

१९४८ सालीं लंडनला ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळें बारा वर्षें हे सामने झाले नव्हते, आणि स्वतंत्र राष्ट्र म्हणून भारत प्रथमच त्यांत भाग घेत होता. खाशाबांची निवड सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत झाली. जाण्यायेण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला, म्हणून बावीस वर्षांचे खाशाबा विलायतेस पोहोंचूं शकले.

तेथें गेल्यावर एक नवीच अडचण पुढें आली. आपल्याकडील कुस्ती मातींत होते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकली कीं कुस्ती निकाली, मग त्याला एक मिनिट लागो कीं अर्धा तास. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवर होते. तेथें वेळेचें बंधन, पंचांचे गुण, रेषेबाहेर गेल्यास कुस्ती थांबविणें, असे नाना नियम. शिवाय माती पायाला धरून ठेवते, गादीवरून पाय सटकतो. अंगाला माती चोळलेली असली म्हणजे हात पकडतां येतो. घामानें निथळलेलें उघडें अंग हातांतून निसटतें. खाशाबांना या गादीचा सराव मुळींच नव्हता. रीस गार्डनर नांवाच्या एका अमेरिकन मल्लानें त्यांना तेथेंच कांहीं दिवस शिकविलें. तेवढ्या शिदोरीवर त्यांनीं ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस याला पहिल्या कांहीं मिनिटांतच लोळविलें व अमेरिकेच्या बिली जर्निगन यालाही हरविलें. पुढें इराणच्या मन्सूर रईसीपुढें ते हरले. त्या गटाचें सुवर्णपदक लेनार्ट वीताला या फिनलंडच्या मल्लानें पटकाविलें. खाशाबांचा क्रमांक सहावा लागला. गादीची नुकतीच ओळख झालेल्या माणसानें जगांत सहावें यावें, हें आम्हांला पुढच्या पदकाइतकेंच विलक्षण वाटतें. पण सहाव्या क्रमांकाला पदक नसतें, आणि जें पदकांत मोजलें जात नाहीं तें लोकांच्या स्मरणांत राहत नाहीं.

खाशाबा परत आले ते पुढच्या चार वर्षांचा बेत मनांत बांधूनच. त्यांनीं मेहनत वाढविली, गादीवरच्या नियमांचा अभ्यास केला आणि वजन वाढवून वरच्या, म्हणजे सुमारें ५७ किलोच्या गटांत जाण्याची तयारी केली.

पण १९५२ सालची वाट सरळ नव्हती. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय सामन्यांत पंचांनीं आपल्याला जाणून बुजून एक गुण कमी दिला, असें खाशाबांचें म्हणणें होतें. त्या एका गुणानें हेलसिंकीचें दार बंद झालें. आपल्यापैकीं बहुतेक जण अशा वेळीं नशिबाला बोल लावून घरीं बसतात. खाशाबांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळांचे भोक्ते होते व कुस्तीवर त्यांचा विशेष लोभ होता. त्यांनीं निवडीच्या कुस्त्यांत खाशाबांना पुन्हां संधि मिळवून दिली. खाशाबांनीं प्रतिस्पर्ध्याला चीत केलें आणि निवडीचा प्रश्न मातीनेंच सोडविला. तक्रार करणें सोपें असतें. तक्रार खरी होती हें आखाड्यांत उतरून दाखविण्याची पाळी सर्वांवर येत नाहीं.

आतां पैशांची गोष्ट.

लंडनच्या वेळीं खर्च महाराजांनीं केला होता. मधल्या चार वर्षांत संस्थानें विलीन झालीं होतीं. कोल्हापूर संस्थान १९४९ सालीं मुंबई राज्यांत मिळालें होतें. राजाश्रय गेला होता, आणि त्याची जागा घेईल असा लोकाश्रय अद्याप उभा राहिला नव्हता. खेळाडूनें परदेशीं जावयाचें तर बोटीचा, विमानाचा, राहण्याखाण्याचा पैसा बऱ्याच अंशीं त्यानेंच उभा करावा, अशी स्थिति होती. सरकारदरबारीं केलेल्या विनंत्यांचा वेळेवर फारसा उपयोग झाला नाहीं. तेव्हां जाधव कुटुंबानें गांवोगांव हिंडून मदत मागण्यास आरंभ केला. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनीं आणि आसपासच्या लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें हातभार लावला. तरी जमलेला पैसा पुरेना.

अशा वेळीं राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढें आले. खाशाबा त्यांचा विद्यार्थी. प्राचार्य म्हणजे कांहीं सावकार नव्हे. पगारावर संसार चालविणारा माणूस. त्यांच्यापाशीं विकण्यासारखें किंवा गहाण टाकण्यासारखें एकच होतें, तें म्हणजे राहतें घर. त्यांनीं तें गहाण ठेविलें आणि सात हजार रुपये उभे केले.

येथें क्षणभर थांबून आमच्या पालकवर्गाला एक विचारावेंसें वाटतें. आपल्या स्वतःच्या मुलासाठीं घर गहाण ठेवणारे आईबाप आपण पाहतों. मुलीच्या लग्नासाठीं, मुलाच्या शिक्षणासाठीं आपल्यापैकीं कित्येकांनीं तें केलेंही असेल. परंतु दुसऱ्याच्या मुलासाठीं, तेंही नोकरीसाठीं किंवा परीक्षेसाठीं नव्हे, तर कुस्तीसाठीं? हजारों मैलांवरील एका गादीवर कांहीं मिनिटें झुंजून तो हरून परत आला असता तर? खर्डेकरांपुढें हा प्रश्न उभा राहिला नसेल असें समजणें भोळेपणाचें होईल. घराचा कागद सहीसाठीं पुढें आला तेव्हां त्यांच्या घरच्या मंडळींना काय वाटलें असेल, हेंही मनांत येतें. तरी सही झाली, पैसे हातीं आले आणि खाशाबा निघाले. त्यांच्या बरोबर कोल्हापूरकडील आणखी एक मल्ल होता, केशव माणगावे. यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. पण हेलसिंकींत आपल्या गटांत त्यांनीं चौथा क्रमांक मिळविला, म्हणजे पदक अवघ्या एका पायरीनें हुकलें.

ज्या देशांत हे दोघे गेले तो देशही पाहण्याजोगा आहे. फिनलंड युरोपच्या अगदीं उत्तरेस. अरण्यें आणि सरोवरें यांनीं तो इतका भरलेला आहे, कीं तलावांचा जिल्हा म्हणून मिरविणाऱ्या आपणां गोंदियाकरांनाही तेथें आपले तलाव मोजण्याचें धाडस होऊं नये. उन्हाळ्यांत हेलसिंकीला रात्रीं दहा वाजून गेले तरी उजेड असतो. हिवाळ्यांत तोच सूर्य दिवसा पांचसहा तासच दर्शन देतो आणि सारी भूमि बर्फाखालीं जाते. त्या बर्फावरून जाण्यासाठीं तेथील लोक पायांना लांब, अरुंद, पुढच्या टोंकास वर वळलेल्या लांकडी पट्ट्या बांधीत व हातांत दोन काठ्या घेऊन घसरत घसरत कोसच्या कोस जात. याला स्की म्हणतात. आपल्याकडे नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांत जसा पायवाटांचा जाणकार असतो, तसा तेथें या पट्ट्यांवरून रान तुडविणारा असतो. आणि त्यांतूनच त्या देशाचे मोठे खेळाडू निपजले. त्याच १९५२ च्या फेब्रुवारींत ओस्लो येथें झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें वेइको हाकुलिनेन या जंगलकामावर पोट भरणाऱ्या फिन तरुणानें ५० किलोमीटरांची बर्फावरची शर्यत जिंकली होती, आणि पुढें १९६० पर्यंत त्यानें तीन सुवर्णांसह सात ऑलिंपिक पदकें मिळविलीं. एक तरुण बर्फांतला, दुसरा लाल मातींतला. दोघांनाही त्यांचा खेळ गांवच्या रोजच्या जगण्यांतून मिळाला होता.

हेलसिंकीस खरें पाहतां १९४० सालींच ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. महायुद्धानें ते होऊं दिले नाहींत. युद्धांत फिनलंडला आपला कारेलिया प्रांत रशियाला द्यावा लागला, लाखों लोक बेघर झाले आणि वर युद्धखंडणीचा बोजा पडला. चाळीस लाख वस्तीच्या त्या राष्ट्रानें जहाजें, यंत्रें, लांकूड, कागद अशा मालाच्या रूपानें ती खंडणी हप्त्याहप्त्यानें फेडीत आणली व सामने संपल्यानंतर दुसऱ्याच महिन्यांत, सप्टेंबर १९५२ मध्यें, तिचा शेवटचा हप्ता चुकता केला. गहाणवटीचा पैसा घेऊन आलेला आपला मल्ल असा एका कर्जफेडीच्या देशांत उतरला होता, हा योगायोग आम्हांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

१९ जुलै १९५२ रोजीं भर पावसांत सामन्यांचें उद्घाटन झालें. पावो नुर्मी या फिनलंडच्या जगप्रसिद्ध धांवपटूनें, पंचावन्नाव्या वर्षीं, मशाल घेऊन मैदानांत प्रवेश केला तेव्हां त्याच्या देशबांधवांच्या आनंदाला सीमा राहिली नाहीं, असें वर्णन आहे. रशियाही या उन्हाळी सामन्यांत सोव्हिएट राष्ट्र म्हणून प्रथमच उतरला होता आणि त्याचे मल्ल मोठ्या तयारीनें आले होते.

त्या काळच्या ऑलिंपिक कुस्तीची पद्धत थोडी समजून घेतली पाहिजे, नाहींतर पुढची गोष्ट कळणार नाहीं. एकदां हरला कीं बाहेर, असें तेथें नव्हतें. प्रत्येक कुस्तीच्या निकालाप्रमाणें मल्लाच्या नांवावर दोषांक चढत. चीत करून जिंकलें तर दोष नाहीं, केवळ गुणांवर जिंकलें तरी थोडा दोष, हरल्यास मोठा दोष. दोषांकांचा ठराविक आंकडा भरला कीं तो मल्ल बाद. अशी गाळणी होत होत शेवटीं जे उरत त्यांच्यांत आपापसांत कुस्त्या होऊन पहिला, दुसरा आणि तिसरा ठरे.

खाशाबांनीं कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन याला हरविलें, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला चीत केलें आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवरही मात केली. एकामागून एक गडी गळत गेले आणि अखेर त्या गटांत तिघे उरले : जपानचा शोहाची इशिई, रशियाचा रशीद मामदबेयोव आणि गोळेश्वरचा खाशाबा जाधव.

इशिई हा मूळचा ज्यूदो खेळणारा. युद्धानंतर जपानमध्यें ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. त्याची आणि खाशाबांची कुस्ती दीर्घकाळ चालली. दोघांनींही एकमेकांना दाद दिली नाहीं. शेवटीं निकाल इशिईच्या बाजूनें लागला. तें सुवर्णपदक त्या सामन्यांतील जपानचें एकमेव सुवर्णपदक ठरलें, यावरून त्याची योग्यता कळेल.

एवढी झुंज देऊन खाशाबा गादीवरून उतरतात न उतरतात तोंच त्यांना मामदबेयोवबरोबर लढण्यास बोलावणें आलें. दोन कुस्त्यांमध्यें निदान अर्धा तास विश्रांति मिळाली पाहिजे, असा नियम होता. हा नियम पंचांपुढें मांडण्याचें काम मल्लाचें नव्हे. तें त्याच्या संघाच्या अधिकाऱ्यांचें. परंतु त्या वेळीं त्यांच्या बाजूनें बोलावयास एकही भारतीय अधिकारी तेथें हजर नव्हता. खाशाबा तसेच थकलेल्या अंगानें पुन्हां उभे राहिले आणि हरले. अर्ध्या तासाची विश्रांति मिळती तर निकाल बदलला असता काय, हें कोणीही छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं. मामदबेयोव कांहीं लेचापेचा गडी नव्हता. पण हरण्याचा हक्कसुद्धां माणसाला नियमाप्रमाणें मिळाला पाहिजे. ज्याच्यासाठीं एका प्राचार्यानें घर गहाण टाकलें, त्याच्यासाठीं एखाद्या अधिकाऱ्याला तेवढा वेळ गादीपाशीं उभें राहतां आलें नाहीं, हें लिहितांना आजही हात जड होतो.

२३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांना कांस्यपदक मिळालें. त्यापूर्वीं, १९०० सालीं, पॅरिस येथें नॉर्मन प्रिचर्ड यांनीं धांवण्याच्या शर्यतींत भारताच्या नांवावर दोन रौप्यपदकें मिळविलीं होतीं. परंतु तो पारतंत्र्याचा काळ. त्याच आठवड्यांत हेलसिंकीलाच भारताच्या हॉकी संघानें नेदरलंडचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकाविलें, आणि वर्तमानपत्रांतून देशभर जयघोष झाला तो मुख्यतः हॉकीचा. त्या संघाचे कर्णधार के. डी. सिंग ‘बाबू’, आणि इकडे हे के. डी. जाधव. एकाच नगरींत दोन के. डी.; एकाची कीर्ति देशभर झाली, दुसऱ्याची मुख्यतः कृष्णा-कोयनेच्या कांठीं.

पण त्या कांठीं जी झाली ती मात्र भरपूर. खाशाबा परत आले तेव्हां कऱ्हाड स्थानकावर शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोक उभे होते. ढोल, लेझीम, गुलाल, पताका, कशाचीच उणीव नव्हती. एरव्हीं पाव तासांत संपणारी गोळेश्वरची वाट त्या दिवशीं सात तासांत संपली, असें सांगतात. ज्या लोकांनीं आपल्या गांठीचे पैसे काढून दिले होते, त्यांच्या दारावरून ती मिरवणूक चालली होती. मग प्रत्येकाला तें पदक आपलेंच वाटलें तर त्यांत वावगें काय?

सत्काराचे हार वाळले न वाळले तोंच खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचें मैदान भरविलें. स्वतः त्यांत उतरले, कुस्त्या जिंकल्या, आणि जमलेला पैसा नेऊन प्राचार्य खर्डेकरांच्या हातीं दिला. गहाण पडलेलें घर सुटलें. ऑलिंपिकचें पदक मिळविलेल्या मल्लानें परत येऊन गांवच्या मातींत पैशासाठीं लढावें, हें कोणास कमीपणाचें वाटेल. खाशाबांस तसें वाटलें नाहीं.

यापुढील तीस वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती सांगण्यांत आनंद नाहीं. १९५५ सालीं ते पोलीसखात्यांत उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्याच्या सामन्यांत त्यांनीं यश मिळविलें, इतरांना शिकविलें. १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकला जाण्याची त्यांची उमेद होती, पण गुडघ्याच्या दुखापतीनें ती मोडली. सुमारें सत्तावीस वर्षें नोकरी करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठींही त्यांना झगडावें लागलें. ज्या देशाला त्यांनीं पहिलें पदक मिळवून दिलें, त्या देशाच्या क्रीडाधुरीणांना त्यांची आठवण क्वचितच होई. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई सामने भरले तेव्हां मशाल घेऊन धांवणाऱ्यांत त्यांना स्थान मिळालें, एवढाच काय तो अपवाद. त्यानंतर दोन वर्षांनीं, १४ ऑगस्ट १९८४ रोजीं, रस्त्यावरील अपघातांत त्यांचा मृत्यु झाला. त्या वेळीं ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. मागें राहिलेल्या कुटुंबाचे दिवस कष्टांत गेले.

मान मिळाला, पण तो पुढें. महाराष्ट्र शासनानें त्यांना मरणोत्तर शिवछत्रपति पुरस्कार दिला. केंद्र सरकारनें अर्जुन पुरस्कार दिला, तोही मरणोत्तर. २०१० सालीं दिल्लीस राष्ट्रकुल सामने झाले तेव्हां इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचें नांव देण्यांत आलें. पद्म पुरस्कार मात्र त्यांना मिळालेला नाहीं, आणि त्यासाठीं त्यांच्या घरच्यांनीं व चाहत्यांनीं कित्येक वर्षें मागणी चालविलेली आहे.

त्यांच्यानंतर भारताला ऑलिंपिकमध्यें दुसरें वैयक्तिक पदक मिळावयास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. १९९६ सालीं अटलांटा येथें लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें तें मिळविलें. कुस्तींतील दुसरें पदक २००८ सालीं बीजिंगला सुशील कुमार यांनीं जिंकलें, म्हणजे मध्यें छप्पन्न वर्षें गेलीं. महाराष्ट्राला तर त्याहूनही अधिक थांबावें लागलें. बहात्तर वर्षांनीं, १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिस येथें रायफल नेमबाजींत स्वप्नील कुसाळे यांनीं कांस्यपदक मिळविलें तेव्हां खाशाबांच्या पदकाला महाराष्ट्रांतून जोड मिळाली. हे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे, आणि पदक जिंकले त्या वेळीं मध्य रेल्वेंत तिकीट तपासनिसाच्या नोकरींत होते.